ट्रम्पेट घ्यावा तर कसा?

सिंधुदुर्गात ट्रम्पेट वाजवणाऱ्याला एका वर्षात चार तऱ्हेच्या जागा सांभाळाव्या लागतात. फेस्ताला आणि नाताळात चर्चमध्ये गायकवृंदाला साथ करायची. तुळशीचं लग्न लागलं की मृगापर्यंत लग्नसराई, म्हणजे वरातीत ढोल-ताशा आणि गाडीवरच्या स्पीकरशी झुंज. भाद्रपदात गणपतीचं विसर्जन, तेही बहुधा भर पावसात. शिवाय जत्रेला किंवा मंडळाच्या कार्यक्रमाला कीबोर्ड, बेंजो आणि माईकसमोर ऑर्केस्ट्रा. चर्चमध्ये लोकांना भरीव, मऊ सूर हवा असतो आणि वरातीत वाड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी धार. ऑर्केस्ट्रात तर आधी कीबोर्डशी सूर जुळला पाहिजे, बाकीचं मग.

म्हणून ‘सगळ्यात चांगला ट्रम्पेट कोणता?’ या प्रश्नाला उत्तर नाही. कुठे वाजवायचं, कुणाबरोबर आणि सलग किती वेळ, हे आधी ठरवलं तर मात्र निवड बरीच सोपी होते. ट्रम्पेटचा आवाज मुख्यतः तीन ठिकाणी घडतो: वाजवणाऱ्याच्या ओठांत, माऊथपीसमध्ये आणि नळीच्या आतल्या आकारात. धातूचा रंग, मुलामा आणि भोंग्यावर कोरलेलं नाव यांचा नंबर त्यानंतर लागतो. दुकानात नेमकं उलटं होतं. डोळ्यांना आधी चकाकी दिसते, मग नाव, मग किंमत, आणि माऊथपीस ‘पेटीत आला तो’ म्हणून स्वीकारला जातो.

तुतारी आणि तीन व्हॉल्व्ह

तुतारीत फुंकणारा ओठ आवळतो आणि सैल सोडतो, तसे तिच्यातून मोजके स्वर निघतात. मधले स्वर निघत नाहीत. अशा नळीतली हवा ठरावीक पटींतच कंप पावते. मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी ती शिडी असते. ट्रम्पेटही मुळात तसाच. व्हॉल्व्ह न दाबता वाजवला तर त्याच्या शिडीत सा, प, सां, मग वरचा ग, वरचा प असे स्वर मिळतात.

यातला पाचव्या पायरीचा ग आपल्या कानाला ओळखीचा आहे. उत्तम जुळवलेल्या तानपुऱ्यातून जो स्वयंभू गंधार उमटतो, तोच हा. कीबोर्डच्या गंधारापेक्षा तो थोडा उतरलेला असतो. एका अर्धस्वराचे १०० भाग केले तर सुमारे १४ भागांनी खाली. तानपुऱ्यावर भजन चाललं असेल तर हा ग गोड लागतो, पण कीबोर्डसोबत तोच ‘उतरल्यासारखा’ वाटतो. तेव्हा वादकाला ओठ किंचित आवळून तो चढवावा लागतो किंवा पहिला आणि दुसरा व्हॉल्व्ह दाबून दुसऱ्या वाटेने काढावा लागतो. अशा वेळी ट्रम्पेटच बेसूर आहे असं समजून नवा घ्यायला निघणाऱ्याने हे आधी माहीत करून घ्यावं.

शिडीतल्या पायऱ्यांमधली रिकामी जागा भरण्यासाठी व्हॉल्व्ह आले. हाइनरिश श्टोल्त्सेल आणि फ्रीडरिश ब्लूमेल या दोघांनी १८१८ मध्ये बर्लिनमध्ये व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. आज आपल्या हातात असतो तो पिस्टनचा नमुना १८३०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसच्या पेरिने यांनी बसवला. दुसरा व्हॉल्व्ह सूर अर्ध्या स्वराने उतरवतो, पहिला एका स्वराने आणि तिसरा दीड स्वराने. दाबलेला व्हॉल्व्ह हवेला जादा नळीतून फिरवून आणतो, एवढीच त्याची करामत.

बँडमध्ये सर्रास चालतो तो बी फ्लॅट ट्रम्पेट. त्याची नळी सरळ केली तर साधारण १४८ सेंटिमीटर भरते. पेटीच्या (हार्मोनियमच्या) भाषेत सांगायचं तर व्हॉल्व्ह न दाबता निघणारा त्याचा सा म्हणजे काळी पाच. या पट्टीत सरगम वाजवताना सा मोकळा, रे पहिल्या-तिसऱ्या व्हॉल्व्हवर, ग पहिल्या-दुसऱ्यावर, म पहिल्यावर, प पुन्हा मोकळा, ध पहिल्या-दुसऱ्यावर, नी दुसऱ्यावर आणि सां मोकळा. काळी पाच, पांढरी चार आणि काळी दोन या पट्ट्यांत बोटं सहज चालतात. गायक पांढरी तीन म्हणाला की ट्रम्पेटवाल्याच्या कपाळावर आठी चढते. सी ट्रम्पेट पांढरी एकचा असतो, नळी सुमारे १३२ सेंटिमीटर. सिम्फनी वाद्यवृंदात त्याला मान आहे. आपल्याकडच्या बँडमध्ये मात्र बाकीचे सगळे बी फ्लॅटच्या हिशेबाने वाजवत असतात, तेव्हा पहिलं वाद्य म्हणून सी ट्रम्पेट घेऊ नये.

सरळ नळी, निमुळती नळी

ट्रम्पेट, कॉर्नेट आणि फ्लूगलहॉर्न तिन्ही बी फ्लॅटचे, तिन्हींच्या नळीची लांबी जवळपास सारखी आणि बोटंही तीच. तरी डोळे मिटून ऐकलं तर फरक लगेच कळतो, कारण नळी आतून कशी रुंदावते यावर सुराचा पोत ठरतो. ट्रम्पेटची नळी बराच भाग एकाच जाडीची राहते आणि शेवटी भोंग्यात उघडते. कॉर्नेट सुरुवातीपासून हळूहळू रुंद होत जातो. फ्लूगलहॉर्न तर त्याहून निमुळता आणि भोंग्याने मोठा.

जोरात फुंकलं की नळीतली ध्वनिलहर पुढे सरकताना तिचा चढ तीव्र होत जातो. समुद्राची लाट उथळ पाण्यात आली की उभी राहते आणि फुटते, तसंच काहीसं इथे होतं. एकाच जाडीची लांब नळी असेल तर या तीव्र होण्याला वाव मिळतो आणि सुरात वरच्या पटींची गर्दी होते. पितळी वाद्यांच्या आवाजातली ती झणझणीत धार हीच. निमुळत्या नळीत लहर पसरत जाते, तिची तीव्रता आटोक्यात राहते आणि सूर गोल, मवाळ येतो. १९९६ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी ट्रॉम्बोनच्या नळीत अशा आघातलहरी प्रत्यक्ष मोजून दाखवल्या.

यातून निवडीचा पहिला नियम मिळतो. मुख्य काम वरात, मिरवणूक आणि मैदान असेल तर ट्रम्पेट. चर्चमधला गायकवृंद, भावगीत, संथ चाल हे मुख्य असेल तर कॉर्नेटचा विचार नक्की करावा. लहान मुलांनाही तो सोपा पडतो, कारण नळीला जास्त वळसे असल्याने वाद्य आखूड होतं आणि वजन छातीजवळ येतं. फ्लूगलहॉर्न हे दुसरं वाद्य म्हणून घ्यावं. माईकसमोर त्याच्यासारखा मखमली सूर नाही, पण ढोलाच्या शेजारी तो पुरता बुडून जातो.

ट्रम्पेटमध्येही नळीच्या आतल्या व्यासाचे प्रकार असतात. बहुतेक ट्रम्पेट ११.५ ते ११.९ मिलिमीटरच्या दरम्यान बसतात आणि सर्वांत चालणारं माप ११.६५ मिलिमीटर. शिकाऊ वादकांचा यामाहा वायटीआर-२३३० आणि व्यावसायिकांचा बाख ३७ या दोन्हींचं माप जवळजवळ हेच आहे. म्हणजे शिकाऊ आणि उंची ट्रम्पेटमधला फरक नळीच्या जाडीत नसून माऊथपीसला जोडलेल्या पहिल्या नळीच्या आतल्या उतारात, भोंग्याच्या घडणीत आणि व्हॉल्व्हच्या नेमकेपणात असतो. मोठ्या व्यासाचा ट्रम्पेट हवा जास्त मागतो. तीन तासांच्या मिरवणुकीत हे ओझं दुसऱ्या तासाला जाणवायला लागतं. भोंगा किती लवकर आणि किती रुंद उघडतो यावरही सूर पालटतो. बाखच्या ३७ क्रमांकाच्या भोंग्याचा आवाज एकवटलेला, तर ७२ क्रमांकाचा अधिक पसरट आणि गडद.

गोव्याची शाळा, मुंबईचा रंगमंच

पश्चिम किनाऱ्यावर ट्रम्पेट रुजवला तो गोव्याच्या चर्चशाळांनी. गावोगावच्या या शाळांत पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. त्यातून तयार झालेले वादक मुंबईला गेले. मुंबईतल्या हॉटेलांच्या जॅझ बँडमध्ये आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत स्वरलिपी भराभर वाचणाऱ्या माणसाला मोठी मागणी होती.

अल्दोन्याचे अँतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७) हे त्यांतलं गाजलेलं नाव. जग त्यांना चिक चॉकलेट म्हणून ओळखतं. अमेरिकन जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँगच्या ढंगाने वाजवत म्हणून लोक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्यात जन्मलेल्या संगीतकार सी. रामचंद्रांबरोबर त्यांनी बरंच काम केलं आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातला तो उसळता पितळी ठेका आजही त्या काळच्या नाचगाण्यांची ओळख आहे. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ट्रम्पेट आणि व्हायोलिन दोन्ही वाजवत. चित्रपटांसाठी वाद्यरचना करता करता त्यांनी ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोकणी चित्रपट काढले. मडगावचे ख्रिस पेरी (१९२८–२००२) ट्रम्पेटबरोबर सॅक्सोफोनही वाजवत. गायिका लॉर्ना यांच्या आवाजासाठी त्यांनी केलेली कोकणी गाणी आजही फेस्ताच्या रात्री वाजतात.

तिघांचीही वाद्याची गरज नाचाच्या सभागृहाने आणि रेकॉर्डिंगच्या माईकने ठरवली होती. आर्मस्ट्राँग स्वतः कॉर्नेटवर वाढले आणि १९२०च्या दशकाच्या मध्यावर ट्रम्पेटकडे वळले. मोठ्या वाद्यवृंदात आणि मोठ्या सभागृहात त्यांना ती धार हवी होती. उलट जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी हार्मन म्यूटची (आवाज दाबायला भोंग्यात बसवतात त्या बुचाची) दांडी काढून टाकली, भोंगा माईकला जवळजवळ टेकवला आणि कुजबुजल्यासारखा सूर काढला. ‘माइल्स अहेड’ (१९५७) या अल्बमसाठी त्यांनी फ्लूगलहॉर्न घेतला. जॅझमधलेच डिझी गिलेस्पी यांच्या ट्रम्पेटचा भोंगा १९५३ मध्ये एका पार्टीत कुणीतरी त्यावर पडल्याने वर वाकला. तसं वाजवताना आपलाच सूर आपल्याला लवकर ऐकू येतो हे त्यांच्या ध्यानात आलं आणि पुढे त्यांनी मुद्दाम तसेच ट्रम्पेट बनवून घेतले.

वरातीत वाजवणाऱ्याला यातून घेण्यासारखं खूप आहे. स्पीकर आणि ढोल कानाशी असले की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. मग माणूस नकळत जास्त दाबून फुंकतो, माऊथपीस ओठांवर रुततो आणि अर्ध्या वाटेत ओठ सुजतात. असं होत असेल तर त्यावर जास्त कर्कश ट्रम्पेट घेणं हा उपाय नव्हे. एका कानात बोळा घालून पाहावा किंवा जागा बदलावी, ढोलाच्या शेजारून दोन माणसं पुढे सरकावं.

माऊथपीस: स्वस्तातला मोठा बदल

मूळचे ऑस्ट्रियातले व्हिन्सेंट बाख यांनी १९१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये माऊथपीस बनवायला सुरुवात केली. त्यांची मोजमापाची पद्धत आज जवळजवळ सगळीकडे चालते. आकडा जितका लहान, वाटीचा (ओठ टेकतात त्या खळग्याचा) घेर तितका मोठा. अक्षर वाटीची खोली सांगतं: ए खूप खोल, ई उथळ. शिकाऊ वाद्यांच्या पेटीत येणारा ७सी आतून सुमारे १६.२ मिलिमीटर, ३सी थोडा मोठा, १½सी सुमारे १७ मिलिमीटर. फरक आहे मिलिमीटरच्या अंशाचा. पण ओठांसारख्या संवेदनशील जागी हा फरक बुटाच्या मापाइतका मोठा वाटतो.

उथळ वाटीने वरचे स्वर सोपे होतात आणि धार वाढते, मात्र खालचा सूर पातळ होतो. खोल वाटीने सूर गडद आणि भरीव होतो, पण वर चढताना दम लागतो. कडा जाड आणि गोलसर असेल तर ओठांना आराम, धारदार असेल तर सुराची सुरुवात स्वच्छ. मिरवणुकीसाठी ७सी किंवा थोडी उथळ वाटी आणि चर्चसाठी ३सीसारखा थोडा मोठा माऊथपीस, असे दोन माऊथपीस बाळगून एकाच ट्रम्पेटवर दोन्ही जागा सांभाळता येतात. नवा ट्रम्पेट घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. मात्र दर आठवड्याला माऊथपीस बदलू नये. ओठांच्या स्नायूंना नव्या मापाची सवय व्हायला काही आठवडे जातात. शिवाय कॉर्नेटच्या माऊथपीसची दांडी बारीक असते. ती ट्रम्पेटमध्ये बसवली की आत खडखडते आणि सूर हलतो.

पिवळं, सोनेरी की चंदेरी?

पिवळ्या पितळेत साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. सोनेरी पितळेत तांबं ८५ टक्क्यांच्या आसपास, गुलाबी पितळेत ९०. तांबं वाढलं की सूर उबदार होतो, चांदीचा मुलामा दिला की तो उजळतो, अशी वादकांची पक्की समजूत आहे. १९८०च्या दशकात इंग्लंडमधले वाद्यशास्त्रज्ञ रिचर्ड स्मिथ यांनी ट्रॉम्बोनचे वेगवेगळ्या जाडीचे भोंगे बनवून ते नामवंत वादकांना न दाखवता वाजवायला दिले. कोणता भोंगा कोणता, हे त्यांना सांगता आलं नाही. भोंग्याच्या भिंतीच्या कंपनांचा थोडा परिणाम होतो हे नंतरच्या प्रयोगांत दिसलं, पण नळीच्या आकाराच्या आणि माऊथपीसच्या मानाने तो फार लहान आहे.

तेव्हा मुलामा निवडताना आवाजापेक्षा टिकाऊपणा आणि देखभाल पाहावी. लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगणाचा थर, स्वस्त असतो आणि रोजच्या पुसण्याने छान टिकतो, पण घामट हातांनी तो जागोजाग उडतो. चांदी गंधकाच्या संपर्काने काळवंडते, तरी पुसली की परत उजळते, आणि लॅकरसारखे तिचे पापुद्रे निघत नाहीत.

हातात घेऊन पाहण्याच्या पाच गोष्टी

पहिली, व्हॉल्व्ह. तीनही एकेक करून दाबा, सरळ आणि थोडे तिरकेही, कारण वाजवताना बोटं कधीच काटेकोर सरळ पडत नाहीत. पिस्टन घासल्याशिवाय झटकन वर आला पाहिजे. मग कुठलाही व्हॉल्व्ह न दाबता एकेका व्हॉल्व्हची स्लाइड, म्हणजे सरकती नळी, ओढून काढा. स्वच्छ ‘पॉप’ असा आवाज आला तर आत हवा अडून राहते, म्हणजे पिस्टन घट्ट आहे. नुसतीच सरकून बाहेर आली तर हवा गळते. अशा ट्रम्पेटवर कितीही फुंका, सूर फिसकटल्यासारखाच येणार.

दुसरी, माऊथपीस काढून पहिल्या नळीत टॉर्च मारून पाहा. आत गुलाबी ठिपके दिसले तर पितळेतलं जस्त निघून गेलं आहे आणि नळी आतून पोखरली जात आहे. जुन्या वाद्यात हे नेहमी आढळतं. भोंग्यावरचा पोचा कुरूप दिसतो, पण माऊथपीसजवळच्या नळीतला छोटा पोचाही सुराला जास्त बाधतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, काळी पाचमधला खालचा रे. तो पहिल्या-तिसऱ्या व्हॉल्व्हवर निघतो. हिशेब मजेदार आहे. १४८ सेंटिमीटरच्या नळीला पहिला व्हॉल्व्ह सुमारे १८ आणि तिसरा सुमारे २८ सेंटिमीटर जोडतो. दोन्ही मिळून ४६. पण त्या स्वरासाठी हवी असते जवळपास साडेएकोणपन्नास सेंटिमीटर वाढ. साडेतीन सेंटिमीटर नळी कमी पडते आणि स्वर चढतो. म्हणून तिसऱ्या व्हॉल्व्हच्या स्लाइडला डाव्या हाताच्या बोटासाठी कडी असते. ती वाजवता वाजवता सहज बाहेर सरकली पाहिजे. स्लाइड एक सेंटिमीटर ओढली की नळी दोन सेंटिमीटर वाढते, कारण हवा त्यातून जाते आणि परत येते. ही स्लाइड घट्ट असेल किंवा कडीच नसेल, तर तो ट्रम्पेट भिंतीवर शोभेला लावावा.

चौथी, तानपुरा किंवा ट्यूनर. मोबाईलवर काळी पाच लावून सा, प, सां असा क्रम वाजवा. तीनही स्वर एका रांगेत बसले तर मुख्य स्लाइड थोडी सरकवून वाद्य जुळवता येतं. प्रत्येक स्वराला ओठ वेगळ्या दिशेने ओढावा लागला, तर दिवसभराच्या वाजवण्यात थकवा ठरलेला. मे महिन्याच्या दुपारी हवा तापली की पट्टी चढते. मुख्य स्लाइड त्या चढावाला पुरेल इतकी बाहेर येते का, हेही पाहा. कीबोर्ड मात्र उन्हातही आपली पट्टी सोडत नाही.

पाचवी, अंतर. आपल्या हातात वाद्य असताना ऐकू येतो तो सूर आणि तीस पावलांवर उभ्या माणसाला ऐकू येतो तो सूर वेगळा असतो. एकच माऊथपीस दोन ट्रम्पेटना लावा, एकच ओळ वाजवा, मित्राला लांब उभं करा आणि कोणता कधी वाजवला हे त्याला सांगू नका. त्याचं मत आपल्या मतापेक्षा जास्त मोलाचं, कारण श्रोता तिथेच उभा असणार.

मेरठ, आयात आणि जुनं वाद्य

भारतातल्या बँडची बहुसंख्य पितळी वाद्यं मेरठला, विशेषतः जाली कोठी भागात बनतात. तिथली नादिर अली कंपनी १८८५ पासूनची. मेरठचा ट्रम्पेट आयात केलेल्या नामांकित वाद्याच्या तुलनेत फारच स्वस्त मिळतो आणि वरातीच्या धकाधकीला, पावसाला, पडण्या-आपटण्याला तो पुरतो. मात्र दोन सारख्या दिसणाऱ्या नगांमध्येही व्हॉल्व्हच्या घडणीत फरक असू शकतो. म्हणून मेरठचं वाद्य नगावर घ्यावं, फोटोवर नाही. वरच्या पाच गोष्टी तिथे अधिक कडकपणे पाहाव्यात.

संगीताची परीक्षा देणाऱ्या किंवा कीबोर्डसोबत सुरात राहायची गरज असलेल्या मुलासाठी नामांकित कंपनीचा शिकाऊ ट्रम्पेट, नवा किंवा चांगल्या अवस्थेतला जुना, जास्त फायद्याचा ठरतो. व्हॉल्व्ह घट्ट आणि पहिली नळी निरोगी असेल तर लॅकर उडालेला जुना ट्रम्पेट घ्यायला हरकत नाही. अलीकडे प्लास्टिकचे ट्रम्पेटही मिळतात. ते पितळी ट्रम्पेटच्या निम्म्या वजनाचे असतात. अंगणात, पावसात आणि लहान पोराच्या हातात ते उपयोगी, पण गंभीर रियाजासाठी पितळच हवं.

खाऱ्या हवेत

किनाऱ्यावरची हवा पितळेला मानवत नाही. मीठ आणि दमटपणा एकत्र आले की लॅकरच्या प्रत्येक ओरखड्यातून हिरवा थर चढायला लागतो. आत तर श्वासातली वाफ आणि लाळ रोजच साचते. वाजवून झालं की पाण्याची झडप उघडून आतलं पाणी काढावं, वाद्य बाहेरून मऊ फडक्याने पुसावं आणि मगच पेटीत ठेवावं. पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकाव्यात. महिन्यातून एकदा व्हॉल्व्ह आणि स्लाइड काढून नळ्या कोमट पाण्याने धुवाव्यात. पाणी कडकडीत नको, लॅकर फुगतो.

व्हॉल्व्हसाठी व्हॉल्व्ह ऑइलच वापरावं. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल घालणारे आहेत. पण खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, आणि जानेवारीच्या पहाटे फेस्ताच्या वेळी व्हॉल्व्ह अडकतात. तसंच पितळेची भांडी घासायची पावडर, चिंच किंवा आमसूल ट्रम्पेटला लावू नये. समई त्याने उजळते, ट्रम्पेटचा लॅकर आणि चांदी मात्र निघून जाते.

मींड हवी असेल तर

भजनं आणि नाट्यगीतं वाजवणाऱ्यांची एक जुनी तक्रार असते, की ट्रम्पेटवर मींड येत नाही. ती येते, पण त्यासाठी कष्ट पडतात. व्हॉल्व्ह अर्धवट दाबून आणि ओठ सैल सोडून एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरता येतं. यासाठी व्हॉल्व्ह हलके आणि मुख्य नळी मोकळी असलेला ट्रम्पेट सोपा जातो. घट्ट, जड वाद्यात स्वर आपल्या जागी चिकटून बसतो. श्रुतींसाठी जगात एक वेगळी वाटही निघाली. लेबनॉनच्या नसीम मालूफ यांनी १९६०च्या दशकात चौथा व्हॉल्व्ह बसवून पाव स्वर काढणारा ट्रम्पेट बनवला आणि त्यांचे पुत्र इब्राहिम मालूफ आज तो जगभर वाजवतात. आपल्या भजनाच्या कोमल, अतिकोमल जागांना तो जवळचा वाटेल, पण आधी साधा तीन व्हॉल्व्हचा ट्रम्पेट नीट बोलायला लागला पाहिजे.

शेवटी क्रम

आधी जागा ठरवा: मैदान, चर्च, रंगमंच. त्यावरून ट्रम्पेट की कॉर्नेट ते ठरेल. मग सुरात असलेला आणि व्हॉल्व्ह घट्ट असलेला, आपल्या ऐपतीतला नग शोधा. मग माऊथपीसवर थोडे जास्त पैसे खर्च करा. उरले तर म्यूट घ्या. रंग आणि कोरीव काम सगळ्यात शेवटी. आणि दुकानात ‘हा एकदम टॉपचा आहे’ असं कुणी म्हणालं की न रागावता एवढंच सांगा: काळी पाचमधला खालचा रे, स्लाइड ओढून, एकदा सुरात वाजवून दाखवा.